महिदपूर जिंकलं तरी इंदूर राजधानी होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई इंग्रजांनी नव्हे, होळकरांनी जिंकली असं धरून एक दीर्घकथा लिहायची आहे. नायक आपल्या इंदुरातला. तो राजवाड्याच्या दिंडी दरवाजातून दुसऱ्या इंदुरात शिरतो, आणि तिथे १९५५ साली स्वतंत्र होळकर राज्याची राजधानी नांदते आहे. हे सगळं पटेल असं कसं उभं करायचं?

कल्पना छान आहे, पण आराखड्यात दोन भेगा आहेत. दोन्ही आधी बुजवा, नाहीतर पुढची शंभर पानं वाया जातील.

पहिली भेग तारखेची. महिदपूरच्या दिवशी सभोवती काय होतं ते बघा. दौलतराव शिंद्यांनी ५ नोव्हेंबरलाच ग्वाल्हेरला इंग्रजांशी तह करून हात बांधून घेतले होते. त्याच दिवशी खडकीला पेशव्यांची फौज हटली आणि पंधरवड्याच्या आत पुणं गेलं. ९ नोव्हेंबरला होळकरांच्या बाजूच्या पठाण सरदार अमीरखानाने स्वतंत्र तह केला, त्यातून टोंकचं संस्थान निघालं. २६-२७ नोव्हेंबरला सीताबर्डीवर नागपूरकरांचा डाव फसला. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने या मोहिमेसाठी चहूबाजूंनी लाखाच्या वर फौज उतरवली होती, आणि महिदपूरला क्षिप्रा ओलांडून आलेला हिस्लॉप-माल्कमचा जमाव त्यातला जेमतेम साडेपाच हजारांचा. तो कापून काढला तरी महिन्याभरात दुसरा येतो.

आणि होळकरांच्या बाजूला काय होतं? गादीवर अकरा वर्षांचा मल्हारराव. आदल्याच रात्री, त्याच्या नावाने कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा स्वतःच्याच छावणीतल्या लोकांनी शिरच्छेद केलेला. शिपायांचे पगार थकलेले. ऐन लढाईत होळकरांचाच सरदार गफूरखान याचे घोडेस्वार निघून गेले; पुढे इंग्रजांशी झालेल्या मंदसोरच्या तहात जावरा त्याच्याच पदरात राहिलं. तरीही रोशनबेगच्या तोफखान्याने एकुलत्या एका उतारावरून नदी ओलांडणाऱ्या इंग्रजांना सात-आठशेचं नुकसान पोचवलं, गोलंदाज तोफांपाशीच मेले. प्रसंग म्हणून हे विलक्षण आहे, पण वळण म्हणून निकामी. महिदपूरला तोफा कमी पडल्या नव्हत्या. हुकूम कोणाचा, हेच ठरलेलं नव्हतं. लढाईचा निकाल उलटा केला तरी ती उणीव दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच असते.

नवे लेखक नेहमी शेवटची लढाई बदलतात, कारण ती डोळ्यांपुढे असते. पानिपताचंही तेच. विश्वासरावांना गोळी लागली नाही एवढं लिहून मोकळं होतात. उपासमार, बाजारबुणगे आणि उत्तरेत एकही भक्कम दोस्त नसणं हे सगळं जसंच्या तसं राहतं. हरणाऱ्याला जिंकवायचं असेल तर त्याचा सर्वांत समर्थ क्षण शोधायचा आणि तिथे एकच लहान गोष्ट हलवायची. होळकरांच्या बाबतीत तो क्षण १८०४ चा आहे.

त्या वर्षी मल्हाररावाचे वडील यशवंतराव होळकर अठ्ठावीस वर्षांचे, हुकूम एकाचाच. जुलैमध्ये मुकुंदरा खिंडीपलीकडे आलेल्या कर्नल मॉन्सनला त्यांनी भर पावसात आग्र्यापर्यंत पिटाळलं. तोफा चिखलात रुतल्या, त्या निकामी करून टाकून द्याव्या लागल्या, आणि बनास ओलांडताना मॉन्सनची पुरती दाणादाण उडाली. ऑक्टोबरात दिल्लीला आठवडाभर वेढा पडला, पण तिथला इंग्रज रेसिडेंट ऑक्टरलोनी याने शहर राखलं आणि इंग्रजांचा सरसेनापती जनरल लेक येतोय म्हटल्यावर वेढा उठला. तिथे यशवंतरावांनी फौज दुभागली: पायदळ आणि तोफखाना भरतपूरच्या राजाच्या डीग किल्ल्याकडे, स्वतः स्वारांनिशी गंगा-यमुनेच्या दुआबात. १३ नोव्हेंबरला डीगला पायदळ हरलं, ८७ तोफा गेल्या. १७ नोव्हेंबरला पहाटे लेकच्या घोडदळाने फर्रुखाबादेजवळ स्वारांचा तळ झोपेत गाठला. शेवटच्या चोवीस तासांत त्यांनी साठेक मैल तोडले होते. घोडी खुंट्यांना बांधलेलीच सापडली. इंग्रजांकडचे मेले ते बोटांवर मोजण्याइतके.

तुमची जागा ही. लेकचे स्वार तळाजवळ पोचत असताना त्यांचाच दारूगोळ्याचा एक गाडा उडाला. आवाज मोठा झाला, पण तळावर त्याचा अर्थ शेजारच्या फत्तेगडच्या छावणीतली पहाटेची तोफ असा लावला गेला. तुमच्या जगात एका पागेदाराला, म्हणजे घोडदळाच्या तुकडीच्या प्रमुखाला, तो आवाज खटकतो: तोफेची वेळ अजून झालेली नाही. तो खोगिरं चढवायला सांगतो. बस, एवढंच हलवा. अर्ध्या घटकेचा फरक पुरतो. तळ मोडतो, लूट मागे राहते, पण पंधरा-वीस हजार स्वार शाबूत निसटतात.

हा प्रसंग लिहिताना काळोख लिहू नका. १८०४ चं पंचांग मोजून पाहिलं तर ही कार्तिकी पौर्णिमेच्या आसपासची रात्र येते. पहाटे चंद्र पश्चिमेला, जमिनीलगत धुकं, आणि खुंट्यांना बांधलेल्या घोड्यांचे वाफाळणारे श्वास. जुन्या तारखेची तिथी काढणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि जाणता वाचक सर्वांत आधी तिथेच पकडतो.

आता या बदलाने काय होत नाही ते लिहून काढा. डीगच्या ८७ तोफा परत येत नाहीत, कारण तो पराभव चार दिवस आधीचा आहे. इंग्रज कर्नल मरेच्या फौजेने ऑगस्टातच घेतलेलं इंदूर आपोआप सुटत नाही. ट्रफाल्गर होतंच, म्हणजे समुद्र इंग्रजांकडेच राहतो. एक बदल केला की दुसरा फुकट मिळत नाही. दुसरा पहिल्यातूनच निघाला पाहिजे. ‘आणि त्याच सुमारास नेपोलियनने मदत पाठवली’ असलं वाक्य आलं की वाचकाचा विश्वास तिथेच संपतो.

काय होतं? जानेवारी ते एप्रिल १८०५ लेक भरतपूरला अडकला. चार हल्ले केले: ९ आणि २१ जानेवारी, २० आणि २१ फेब्रुवारी. चारही फसले. किल्ले फोडायच्या जड तोफा अपुऱ्या होत्या. दुसऱ्या हल्ल्यात खंदकावर टाकायला आणलेला पूल आखूड पडला, कारण आतल्यांनी पाणी अडवून खंदक रुंद केला होता. तीन हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. खऱ्या इतिहासात हे सगळं होऊनही लेक टिकला, कारण मथुरा-आग्र्याकडून रसद येत राहिली. तुमच्या जगात त्या वाटेवर न मोडलेलं होळकरी घोडदळ आहे. लेकला वेढा उठवून यमुनेकडे सरकावं लागतं. इकडे कंपनीचे लंडनमधले संचालक कर्जाने आधीच वैतागलेले. गव्हर्नर जनरल वेलस्लीला परत बोलावलं गेलं ते खरंच आहे. जुलैअखेर त्याच्या जागी कॉर्नवॉलिस येतो, त्याला तह हवाच असतो, आणि ऑक्टोबरात गाझीपूरला तो मरतो तेही तसंच ठेवा. फरक एवढाच, की डिसेंबर १८०५ चा तह बियास नदीकाठी राजघाटला, पंजाबात पळालेल्या यशवंतरावांशी होत नाही. तो चंबळकाठी होतो, आणि भरतपूरच्या राजाने खऱ्या इतिहासात कबूल केलेले वीस लाख इंग्रजांना मिळत नाहीत.

वीस लाख म्हणजे किती, हे पात्रांना कळलं पाहिजे. कंपनीचा शिपाई महिना सात रुपयांवर होता. त्याच दराने दहा हजारांचं पायदळ धरलं तर वर्षाला आठ लाख चाळीस हजार. म्हणजे वीस लाखांत सव्वादोन वर्षांहून जास्त पगार निघतो. असा हिशोब एखाद्या फडणिसाच्या तोंडी घाला. तलवारीच्या दहा वर्णनांपेक्षा तो जास्त काम करतो. दाणावैरणीचंही तसंच. घोड्याला दिवसाला चार किलो दाणा धरला तर वीस हजार घोड्यांना आठशे क्विंटल. वंजाऱ्याचा बैल सव्वा क्विंटलच्या आसपास ओझं नेतो, म्हणजे रोज साडेसहाशे बैल तळावर उतरले पाहिजेत, तेही फक्त दाण्यासाठी. वैरण वेगळी. म्हणून फौज एका जागी आठवडाभर थांबली की आसपासची गावं उजाड होतात आणि तिसऱ्या आठवड्यात शिपाई धरणं धरून बसतात. तुमच्या मसुद्यात फौज ‘तीन महिने तळ ठोकून होती’. खात काय होती?

कामाची पद्धत सांगतो. एक मोठी वही घ्या, पानाचे दोन भाग करा, डावीकडे घडलेलं, उजवीकडे तुमचं. पहिली पाच वर्षं महिन्यागणिक, पुढची वीस वर्षागणिक, त्यापुढे दहा-दहा वर्षांच्या टप्प्यांनी. प्रत्येक ओळीशी तीन गोष्टी: पैसा कुठून आला, गादीवर कोण, बंदर कोणाचं. उजवी बाजू रिकामी राहिली तरी हरकत नाही. डावीकडची ओळ न वाचता उजवीकडची लिहू नका. माणसांबाबत एक नियम ठरवा आणि पाळा. बदलाच्या वेळी हयात असलेली माणसं तशीच ठेवता येतात. नंतर दहा वर्षांत जन्मलेली ओढूनताणून चालतात. त्यापुढे जन्मलेलं कोणीही ओळखीचं भेटता कामा नये, कारण आई-बाप तेच असले तरी भेटीगाठी त्याच नसतात.

पहिली मोठी ठेच १८०८ ला लागते. यशवंतराव भानपुऱ्याला तोफा ओतवून घेत होते, त्याच काळात त्यांना वेड लागलं आणि ऑक्टोबर १८११ मध्ये ते गेले. ते बरे राहिले असं लिहायचा मोह होईल. लिहू नका, किंवा फार तर दोन-तीन वर्षं पुढे ढकला. तुमच्या कथेचा कणा हाच असला पाहिजे: जिंकलेलं राज्य एका माणसाच्या डोक्यावर उभं आहे आणि ते डोकं फिरलंय. १८१५ ला युरोपातली लढाई संपली की कंपनीला रिकामे अंमलदार आणि पैसा दोन्ही मिळतात, मग ती परत येते. तोवर कारभारी मंडळ, ठरलेला वारसा आणि वेळेवर पगार यांची सोय लागली असेल तरच दुसरं महिदपूर वेगळं होईल. ही सोय कोण लावतो? तात्या जोग हे नाव डोळ्यांपुढे ठेवा. मंदसोरच्या तहावर होळकरांकडून सही त्यांची, आणि त्यानंतर मोडका संसार सावरला तोही त्यांनीच. हरलेल्या राज्यात त्यांनी जे केलं ते जिंकलेल्या राज्यात दहा वर्षं आधी करायला लावा.

पैशाचं उत्तर मात्र एकच आहे, आणि ते गैरसोयीचं आहे: अफू. माळव्याच्या काळ्या जमिनीतली अफू. कंपनीने आधी ती संस्थानांशी करार करून विकत घेऊ पाहिली, ते जमलं नाही. मग १८३०-३१ पासून मुंबईमार्गे जाणाऱ्या पेटीमागे १७५ रुपये परवाना फी बसवली. पेटी सुमारे १४० पौंडांची. चोरवाट पाली-कराचीवरून पोर्तुगीज दमणला जात होती. १८४३ ला सिंध गेल्यावर ती वाट बुजली आणि फी चढत चढत १८४७ ला ४०० वर पोचली. स्वतंत्र होळकर राज्यात ही सगळी कमाई माळव्यातच राहते. पण बंदर नाही. वडोद्याचे गायकवाड १८०२ पासून इंग्रजांच्या तैनाती फौजेखाली, म्हणजे गुजरातचं दार बंद. उरतं दमण, आणि पोर्तुगीज इंग्रजांचे मित्र. गोव्यात तर १७९९ पासून ब्रिटिश फौजच बसली होती. तेव्हा माल जाईल, पैसा येईल, तोफा-बंदुका येणार नाहीत. सरदारांपेक्षा सराफ मोठे होतील. स्वराज्य टिकलंय ते चीनमधल्या व्यसनावर, हे तुमच्या नायकाला तिसऱ्या दिवशी कळलं तर कथेत जीव येईल.

आता दुसरी भेग, इंदुराची. इथले जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांच्या काळापासून ही पेठ. होळकरांची राजधानी अहिल्याबाईंच्या वेळी महेश्वर. १८१८ ला मंदसोरच्या तहानंतर कारभार कायमचा इंदुरात आला. रेसिडेन्सी इथे आली आणि माल्कमने महूची छावणी वसवली ती त्याच वर्षी. आजच्या इंदुराचा नकाशा पराभवानंतरचा आहे. जिंकलेलं राज्य राजधानी कुठे ठेवील? माझ्या मते भानपुऱ्याला किंवा चंबळेजवळ कुठेतरी, कारण धोका उत्तरेकडून आहे. इंदूर व्यापारी शहर म्हणून वाढेल, कदाचित राजधानीपेक्षा श्रीमंत होईल. त्यातून दोन शहरांची चुरस मिळते. तुमच्या ‘भव्य राजधानी’पेक्षा हे जास्त रसाळ आहे.

राजवाड्याची दिंडीही बदलावी लागेल. शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी ऑक्टोबर १८०१ मध्ये इंदूर लुटलं तेव्हा राजवाडा जळाला. पुन्हा बांधकाम झालं ते १८११ नंतर, म्हणजे बदलाच्या पलीकडे. दोन्ही जगांत सारखी जागा हवी असेल तर ती नोव्हेंबर १८०४ च्या आधीची आणि नंतर फारशी न बदललेली हवी. महेश्वरचा घाट उत्तम. इंदुरातच हवं तर खजराण्याचा गणपती. लालबाग, गांधी हॉल, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या सोडा. त्या तिकडे नाहीतच. एक फायदा बघा: नायक महेश्वरला पलीकडे गेला तर पहिले दोन तास त्याला काही कळणारच नाही. तोच नर्मदेचा प्रवाह, त्याच पायऱ्या. मग तो इंदूरला यायला निघतो आणि बस नसते.

रेल्वेचंही बघून घ्या. खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीरावांनी एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीने इंग्रज सरकारला कर्ज दिले. खंडव्याला मुंबईहून येणारी मुख्य लाइनच नसेल तर हा फाटा निघत नाही, आणि पातालपाणीचा घाट चढायला लागणारे इंजिनियरही इथे नसतील. रेल्वे आणा, पण उशिरा आणि दुसऱ्या दिशेने.

१९५५ च्या रस्त्यावर सर्वांत आधी काय नसेल? क्रिकेट. छावणी नाही तर क्रिकेट नाही, म्हणजे सी. के. नायडू नाहीत आणि होळकर संघाने चारदा जिंकलेला रणजी करंडकही नाही. चहा असेलच तर चीनहून आलेला, महाग, सराफांच्या दिवाणखान्यातला. रात्रीच्या सराफ्यात साबुदाण्याची खिचडी नसेल. सेलमच्या कारखान्यांशिवाय एवढा साबुदाणा येणार कुठून? रबडी आणि शेव राहतील. पाट्या मोडीत असतील, कारण बालबोध, म्हणजे देवनागरी, टिकली ती छापखान्यामुळे आणि मुंबई सरकारच्या धोरणामुळे. नायकाला पाटी वाचता न येणं हा तुमचा पहिला धक्का ठेवा. भोवतीचं सगळं बोलणं मराठी आणि माळवी, तरीही वाचायला निरक्षर.

यापेक्षा अवघड भाग पुढे आहे आणि बहुतेक मसुदे इथेच गळपटतात. जिंकलं कोण? ‘मराठे जिंकले’ म्हणू नका. होळकर-शिंद्यांनी १८०१ ला एकमेकांची उज्जैन आणि इंदूर लुटली. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतरावांनी शिंद्यांबरोबर पेशव्यांनाही हरवलं, आणि त्यातूनच वसईचा तह झाला. होळकर धनगर समाजातले. त्यांचं राज्य टिकणं आणि पेशवाई टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग गावकुसाबाहेरच्यांचं काय? १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब महूला जन्मले, कारण सुभेदार रामजी सकपाळ तिथल्या छावणीत, लष्करी शाळेत शिकवत होते. कंपनीच्या मुंबई फौजेत महारांची भरती झाली, शिपायांच्या पोरांना शाळा मिळाली, त्या वाटेने ते घराणं पुढे आलं. महू नाही म्हणजे ती वाट नाही. तुमच्या जगात दुसरी वाट होती का? होळकरांच्या पलटणी खुल्या होत्या का, शाळा कोणी काढल्या, विरोध कोणी केला? ‘तिथेही असाच कोणी महापुरुष झाला’ म्हणून सुटका करून घेऊ नका. तो आयता मिळत नाही. किंवा वाट नव्हतीच असं ठरवा आणि नायकाला १९५५ मध्ये त्या वस्तीत नेऊन उभं करा. दोन्ही चालेल, वगळणं चालणार नाही. नायक स्वतः कोणत्या घरातला आहे यावर त्याला ते इंदूर स्वर्ग वाटेल की नरक हे ठरतं, म्हणून आडनाव ठरवायच्या आधी हा निर्णय घ्या.

वाचकाची एक अडचण राहते. पानिपत सगळ्यांना ठाऊक असतं, फर्रुखाबाद कोणालाच नाही. काय बदललं हे कळायला आधी काय झालं ते कळायला हवं. सर्रास वापरली जाणारी युक्ती म्हणजे तिकडच्या एखाद्या प्राध्यापकाने ‘आपण हरलो असतो तर’ असं पुस्तक लिहिणं. टाळा, झिजली आहे. त्याऐवजी नायकाला इकडचं थोडं चुकीचं माहीत असू द्या. तिकडचा कारकून त्याला दुरुस्त करतो, आणि दोन चुकांच्या मधून वाचक खरं काय ते जुळवतो.

दस्तऐवज घालणार असाल तर तारखा शुहूर सनाने घाला, म्हणजे मराठी दफ्तरातल्या अरबी आकड्यांच्या सनाने. जूनमध्ये, मृग नक्षत्राच्या सुमारास वर्ष पालटतं. त्यानंतर डिसेंबरपर्यंत इसवी सनातून ५९९ वजा करायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे नोव्हेंबर १८०४ हा १२०५, पत्रात ‘खमस मयातैन व अलफ’. शके १७२६. बातमी पोचायलाही वेळ द्या: फर्रुखाबादेहून महेश्वरला जासूदजोडी (बातमी नेणारे दोन हरकारे) यायला मी निदान दहा-बारा दिवस धरीन, त्यामुळे तुमच्या मसुद्यात महेश्वरला दुसऱ्याच दिवशी जी साखर वाटली आहे ती कार्तिकाच्या अखेरीस ढकला.